कुलपातला तरोटा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात कोशांचं एक कपाट आहे. काचेचं, कुलूपवालं. दसऱ्याला त्यातले जाड जाड कोश बाहेर निघतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, वरून पाणी शिंपडतात आणि परत आत कोंडतात. त्यामुळे पहिली काही पानं एकमेकांना चिकटली आहेत. 'अक्कल' हा शब्द त्यातच कुठंतरी अडकला असावा. मी वाचायला शिकले वस्तीतल्या बुद्धविहारात, उघड्या फळीवरच्या पुस्तकांतून. तिथं पुस्तक हातात धरलं नाही तर रागवत. हे पुजून कोंडायचं प्रकरण मला अजून पचत नाही.

यंदा पावसाळ्यात तालुक्याला रानभाजी महोत्सव ठेवला आणि माझ्या सुनेनं त्यात नाव दिलं. ही पोरगी चार माणसांत तोंड उघडत नाही. भाजी मात्र अशी करते की तरोट्याच्या कोवळ्या पाल्यासाठी शेजारीण वाटी घेऊन येते. पहिल्यांदाच ती स्वतःच्या नावानं ही तरोट्याची भाजी मांडणार होती, तर आदल्या दिवशी निरोप आला. ताटासमोर कार्ड पाहिजे. त्यावर भाजीचं पुस्तकी नाव, शास्त्रीय नाव आणि गुण. कार्ड नसेल तर ताट स्पर्धेत धरणार नाही.

सून म्हणाली, "राहू द्या आई. मले नाई जमत ते. आपण घरीच खाऊ."

"चूप राहा," मी म्हटलं. "मी येतो जाऊन वाचनालयातून."

ग्रंथपाल भाऊ पेपर वाचत बसले होते. म्हटलं, "भाऊ, कोशाचं कपाट उघडा जी."

"काऊन बाई? दसरा तर लांब आहे."

किल्ली सापडली, हे त्यातल्या त्यात नशीब. तरोट्याचं शास्त्रीय नाव पाहिजे म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांत जाड कोश काढून दिला. त्यांचा हिशेब साधा, प्रश्न अवघड तर पुस्तक जाड. हा होता शब्दांचे अर्थ देणारा कोश. त्यात लिहिलं होतं, तरोटा म्हणजे एक रानभाजी. एवढं तर माझी बकरीही सांगते. मग त्यांनी शब्द कुठून आला ते सांगणारा कोश दिला. तो शब्दाचं माहेर सांगत बसला, आणि मला भाजीचं पाहिजे होतं. एका शब्दाला दुसरे शब्द देणाऱ्या कोशानं मात्र थोडं काम केलं. तिकडं पुण्याकडं तरोट्याला टाकळा म्हणतात म्हणे. म्हणजे सासर बदललं की बाईचं नाव बदलतात, तसंच भाजीचंही. हे झालं पुस्तकी नाव.

"विश्वकोशात पाहू," मी म्हटलं.

"'ट' ते 'त'चा खंड अध्यक्षसाहेबांनी नेला आहे. भाषणासाठी."

"भाषण कधी आहे?"

"होऊन गेलं जी. आता दिवाणखान्यात शोभेले ठेवला आहे."

अगदी खालच्या फळीवर वनस्पतीकोश होता, कोण्या पाहुण्यानं भेट दिलेला, अजून प्लॅस्टिकमध्ये. ग्रंथपालांनी तो फोडला, दोन पानं उलटली आणि मिटवला. "यात मराठी नाईच. सगळी इंग्रजी नावं."

"मागून उघडा भाऊ. शेवटी सूची असते."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांच्या घरात मागच्या दारानं शिरले. पण सूचीत तरोटा होता, टाकळाही होता, आणि दोघांपुढं एकाच पानाचा आकडा. त्या पानावर नाव मिळालं, कॅसिया टोरा. खरूज-नायट्याला चालतो हेही मिळालं. चित्र पाहून ग्रंथपाल म्हणाले, "अरे, हा तर माझ्या अंगणात उगवते. मी उपटून फेकून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी सुनेच्या ताटासमोर माझ्या अक्षरातलं कार्ड उभं होतं. चंद्रपूरहून परीक्षक आले. त्यांनी कार्ड वाचलं, माना डोलावल्या, "फार अभ्यासपूर्ण" म्हणाले, कार्डाचा फोटो काढला आणि पुढं सरकले. भाजीला बोटही लावलं नाही. शेजारच्या टेबलावर मशरूम मंचुरियन होतं, तिथं मात्र चमचे निघाले.

मी सुनेकडं पाहिलं. वाटलं, आता ही ताट झाकून घरी चला म्हणते. पण तिनं माझ्या हातातला पेन घेतला, कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'तरोटा. गरम आहे. खाऊन पाहा.' मग मोठ्यानं म्हणाली, "साहेब, गुण वाचून नाई समजत जी. पोटात गेल्यावर समजते."

सगळे वळले. मोठे परीक्षक मागं आले, घास घेतला, मग भाकर मागून घेतली. मागोमाग बाकीचे. ताट घासल्यासारखं लख्ख झालं. बक्षीस मंचुरियनला गेलं, कारण त्याचं कार्ड छापील होतं.

परतताना बसमध्ये मी परीक्षकांना नावं ठेवत होते. सून रिकामं ताट मांडीवर घेऊन हसत होती. म्हणाली, "पुढच्या खेपेला कपाटापाशी मीच जातो आई. तुम्ही घरी बसून भाजी निवडा."