काठी कोणत्या हातात

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. परभणीत माझ्या दवाखान्यात येणारे लोक मला चांगली बाई समजतात, आणि त्या समजुतीचा मला आताशा संताप येतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे माणसं कशी चालतात, हे बघण्याचे पैसे घेते. दारातून आलेला माणूस खुर्चीपर्यंत पोचायच्या आत मला त्याचा गुडघा कळतो, कंबर कळते, कधीकधी स्वभावही. आणि काठी घेऊन आलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं वाक्य ठरलेलं – काठी दुखऱ्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरा. भिंतीवर तसं चित्रही लावलंय. लोक म्हणतात, मॅडम किती बारकाईनं बघतात! बारकाईनं? त्या चित्राकडे मी स्वतः बघत नाही.

आधी शास्त्र सांगते – म्हणजे नंतर मला पळवाट राहणार नाही. चालताना दर पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी दुसऱ्या बाजूची कंबर खाली लचकू नये, म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्यावरचा पंख्यासारखा एक स्नायू तिला ओढून धरतो. तो दुबळा झाला, की माणूस दर पावलाला त्या बाजूला झुकतो. विरुद्ध हातात काठी असली, की स्नायूचं ओझं काठी घेते. झोक कमी होतो, दुखणं कमी होतं. एवढंच. यात अवघड काय आहे?

माझी आत्या वालूरला असते. तरुणपणी मोटारसायकलवरून पडली, उजवा खुबा मोडला आणि वाकडाच जुळला. तेव्हापासून उजवीकडे झुकत चालायची, काठीही उजव्या हातात. दुखतं तिकडे आधार – बहुतेक लोक तशीच धरतात. पण चालायची! दर सोमवारी गावाबाहेरच्या महादेवाला, पायी. कुणी गाडीवर बसवायला आलं तर म्हणायची, "महादेवानं काय लंगडीला बोलावलं न्हाई व्हय?"

मी शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात स्पर्धा ठरली – चालीत दोष असलेला खरा रुग्ण स्टेजवर आणायचा आणि त्याच्या चालीचं विश्लेषण करायचं. सर म्हणाले, "पेशंट असा आणा, की शेवटच्या खुर्चीवरून दिसलं पाहिजे." मला तत्काळ आत्या आठवली. खरं सांगायचं तर आत्या नाही – आत्याचा झोक.

दिवाळीत वालूरला गेले आणि तिला म्हणाले, मोठे डॉक्टर तपासणार आहेत, कॉलेजात चल. हे खोटं होतं, पण पुढच्याच्या मानानं किरकोळ. ती हरखली. अंगणातून चालत माझ्याकडे आली – आणि काठी डाव्या हातात.

"मंजे, हे बघ की. करंज्या तळताना उजव्या हाताला पोळलं, म्हणून ह्या हातात धरली. तर लय हलकं वाटायलंय गं! दुखणं अर्ध्यावर आलं. अशीच धरू का?"

मी बघितलं. झोक जवळजवळ गेला होता. नुसतं "हो" म्हणायचं होतं मला. आणि मी काय विचार केला? – आता शेवटच्या खुर्चीवरून काय डोंबल दिसणार? काठीशिवाय तर ती स्टेजवर पाऊल टाकणार नाही.

मी म्हणाले, "नाही आत्या. उजव्याच हातात धर. डाव्या हातात धरलीस तर पाय आणखी बिघडेल."

"बिघडंल? बरं झालं माय तुला विचारलं!"

आणि तिनं पोळलेल्या तळव्याला धडपं गुंडाळून काठी परत उजव्या हातात घेतली. माझ्यासमोर. मी करंजी खात होते.

समारंभ झाला. प्रमुख पाहुणे उशिरा आले. पंख्यामुळे समई पेटेना, आणि पाहुण्यांना उकडेल म्हणून पंखा बंद करायची कुणाची हिंमत होईना. मग रुग्णसेवेवर भाषणं, शाली, शालींना पाहुण्यांचं 'नको, नको', आणि त्यानंतर पुन्हा शाली. त्यानंतर माझी आत्या, नवी साडी नेसून, त्या सगळ्यांपुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत झुकत चालली. मी छडीनं दाखवत होते – बघा, इथे कंबर पडते. बघा, इथे धड कलतं. टाळ्या पडल्या. आत्यानं टाळ्यांना नमस्कार केला. मला पहिलं बक्षीस, तिला नारळ.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "डॉक्टर कवा तपासणार व्हते गं?"

"तपासलं की आत्या. बघितलं ना त्यांनी सगळ्यांनी."

"मग काय म्हणले?"

"अशीच चालत राहा म्हणाले."

त्या पाहुण्यांचा, त्या सरांचा मला बरीच वर्षं राग होता. सोयीचा राग. पण त्यांच्यापैकी कोण वालूरच्या अंगणात उभं होतं? तो 'नाही' कुणाच्या तोंडून गेला?

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. त्यानंतर कधीही. पण सांगितलं तर ती विचारणार – मग तवा कमून न्हाई म्हणलीस? तो प्रश्न ऐकायला लागू नये म्हणून मी तिला वर्षानुवर्षं चुकीचं चालू दिलं. आणि ती नुसती चालली नाही. गावात कुणी काठी हातात घेतली, की ही त्याला थांबवायची – "दुखऱ्या बाजूलाच धर बाबा. आमची मंजी शिकलीय, तिनं सांगितलंय." माझ्या भिंतीवर एक चित्र आणि माझ्या नावानं गावभर त्याच्या उलटं. तिचा सोमवार आधी महादेवापर्यंत होता. मग पिंपळाच्या पारापर्यंत. मग दारातल्या ओट्यावर आला. ओट्यावरूनच हात जोडायला लागली.

गेल्या उन्हाळ्यात मी अखेर तिच्या हातातली काठी काढून डाव्या हातात दिली. ती ओट्यावरून उतरून पारापर्यंत गेली. दम खात परत आली. महादेव आता तिच्याच्यानं होणार नाही. खुब्याची झीज काठीनं भरून येत नाही, हेही मला कळतं.

"आत्ता कमून बदलायलीस गं?" तिनं विचारलं. तोच प्रश्न. एवढी वर्षं टाळलेला. तिथे मी खरं बोलायला हवं होतं – नाही का?

मी म्हणाले, "शास्त्र बदललं, आत्या. नवीन शोध लागलाय."

काठी ओट्याला टेकवत ती म्हणाली, "तवा मलाबी असंच हलकं वाटलं व्हतं बघ. पण म्हणलं, मंजीला जास्त कळतंय."

आता ओट्यासमोरून काठी टेकत जाणाऱ्या प्रत्येकाला ती हाक मारते आणि सांगते, हात बदल, शास्त्र बदललंय.

शास्त्र बदललेलं नाही. ते मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.