कोरीटचे फुवा

यंदाच्या लग्नसराईत, रनाळ्यातल्या एका वरातीत, डीजेच्या भोंग्यांवरून एका मृत माणसाला नाचायला बोलावण्यात आलं. बोलावणारा आवाज ज्याचा होता तो माझ्या शेजारी उभा होता. त्याचं तोंड बंद होतं.

तो नंदुरबारचा, गाद्या पिंजणाऱ्या घरातला. अहिराणीत रॅप लिहायचा. मी त्याच्यावर बातमी केली होती. तेव्हापासून तो अधूनमधून कार्यालयात यायचा आणि नवीन ओळी ऐकवायचा. त्यातलं एक गाणं वडिलांवर होतं. ‘तांत वाजे, कापूस उडे, बाप मन्हा ढगमा बुडे’ अशी सुरुवात. पुढे प्रत्येक ओळीत कुठेतरी पिंजणीच्या तांतेचा ठोका येतो आणि एकही शब्द ओढूनताणून बसवलेला वाटत नाही. हे गाणं लोकांनी ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

शहाद्याच्या एका स्टुडिओवाल्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मी सोबत होतो.

“शब्द भारी शेतस भो,” तो म्हणाला. “पन वरातमा शब्द कोन ऐकस? लोके आपलं नाव ऐकतस.”

आमच्याकडे वरातीच्या गाण्यात नवरदेवाच्या नातेवाइकांना एकेक करून पुकारतात. ज्याला पुकारलं त्याने रिंगणात यायचं, बाकीच्यांनी त्याला जागा करून द्यायची. न येणं हा अपमान समजतात. स्टुडिओवाल्याने त्याला मामा, फुवा, मावसा अशी नाती आणि आसपासच्या गावांची नावं वाचायला लावली. आवाज तपासायचा आहे, असं सांगितलं. ‘पहिले वरात, मंग तुन्हं गानं’ असं ठरलं. दुपारभर तो वाचत होता.

नंतर त्याला बोलावणं आलं नाही. त्याच्या आवाजातली गाणी मात्र आली. संगणक तो आवाज हव्या त्या नावाला लावत होता. नंदुरबार ते शहादा रस्त्यावर संध्याकाळी थांबलं की कोणत्या ना कोणत्या गावाकडून तो आवाज यायचा. त्याच्या घरीही यायचा. तो जेवायला बसलेला असताना आईने एकदा खिडकीकडे बघून “आलास का?” असं विचारलं, हे त्यानेच मला सांगितलं. सांगताना तो हसला नाही.

रनाळ्याची वरात आमच्या अंकाच्या वितरकाच्या धाकट्या मुलाची होती. गेल्या वर्षी थोरल्याच्या लग्नात जे गाणं वाजलं तेच हवं, असं घरच्यांनी सांगितलं होतं. स्टुडिओवाल्याने फक्त नवरदेवाचं नाव बदललं.

मामा नाचून झाले. मग आवाज आला, “कोरीटना फुवा, या हो या!”

रिंगण उघडलं. सवयीनेच लोक मागे सरकले. कोरीटचे फुवा दिवाळीआधी वारले होते. मधली जागा रिकामी राहिली. नुसता ठोका चालू होता. तयार गाणं असल्याने फुवांच्या नाचाला ठेवलेला वेळ पूर्ण जायचाच होता. “या फुवा, लाजू नका!” आवाज म्हणाला. त्या जागेत कुणीही पाऊल टाकलं नाही. डीजेवाल्यालाही बंद करायचं सुचलं नाही.

फुवांची बायको, म्हणजे नवरदेवाची आत्या, घराच्या ओट्यावर बसली होती. ती उठून गर्दीत आली.

“कोन बोलावी ऱ्हायनं त्यासले?”

“मी नही, माय,” माझ्या शेजारचा म्हणाला.

ती थबकली. भोंग्यातला आवाज तिच्यासमोरच्या तोंडातून आला होता. तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या जागेकडे.

“आखो एकदाव म्हन,” ती म्हणाली.

फुवांना पुन्हा पुकारण्याऐवजी तो गर्दीतून मागे सरकला.

वरातीचा व्हिडिओ गावोगाव फिरला. त्यानंतर लोक वारलेल्यांची नावं घेऊन स्टुडिओवाल्याकडे येऊ लागले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात, चुलीच्या निखाऱ्यांवर घास टाकून त्यांना नावाने बोलावतात. ते बोलावणं लोकांना त्या आवाजात हवं होतं. ज्याचा आवाज होता तो शहाद्याला गेला आणि हे बंद करा म्हणाला.

“आते तू नही उना तरी चालस,” स्टुडिओवाला म्हणाला. आवाज त्याच्याकडे होताच. “पन तुन्हं गानं लावसू. नावे सरनात का लगेच. बठ्ठा खान्देश ऐकी.”

त्याने विचार करायला वेळ मागितला नाही. नावं संपल्यावर लागणारं गाणं त्याच्या खऱ्या आवाजातलं असेल, एवढी एकच अट घातली. ती मान्य झाली.

आखाजीच्या दुपारी तो मला घेऊन कोरीटला गेला. लोक आपलं गाणं ऐकताना त्याला बघायचे होते. आम्ही आत्याच्या दारात उभे राहिलो. ती आत चुलीपाशी बसली होती, भरलेली घागर मांडलेली होती, फोन जमिनीवर ठेवलेला होता. फोनमधल्या आवाजाने फुवांना बोलावलं. तिने निखाऱ्यावर घास टाकला. तूप पेटलं. आवाजाने पुन्हा बोलावलं आणि तिने पाटावर बाजूला सरकून जागा केली.

नावं संपली. गाणं सुरू झालं, त्याच्या खऱ्या आवाजात.

“हाऊ कोन शे?” तिने फोनला विचारलं. आमच्याकडे तिची पाठ होती.



“तांत वाजे, कापूस उडे,” एवढंच ऐकू आलं. तिने फोन बंद केला.