बोटांचा वास

कीटकनाशकाचा लसणासारखा उग्र दर्प आला, की पेणच्या सरकारी दवाखान्यात माझ्याशेजारी बसलेली ती शेतमजूर बाई आठवते. ती पुनःपुन्हा स्वतःची बोटे हुंगत होती.

"वालावरची दवा हातानंच ढवळायची मी, पेजेसारखी," ती म्हणाली. "रगत पार उतरलं. यंदा फवारणीला गेलेच नाय, कोथिंबिरीच्या जुड्या बांधते. आज रगत भरलेलं नसलं, तर मुंबईला धाडतील."

स्वतःच्याच हातांवरचा तिचा विश्वास उडाला होता. तळहात माझ्या नाकाखाली धरून तिने विचारले, "येतो का गो अजून?"

"कोथिंबिरीचा येतो. भूक लागली मला."

ती खळखळून हसली. तेवढ्यात रक्ततपासणीचा अहवाल देणाऱ्या खिडकीवरून तिला हाक आली. परतली ती जवळजवळ धावतच, आणि ओलसर, सुगंधी हातांनी माझा चेहरा कुरवाळत म्हणाली,

"भरलं!"