पाणसळचा कोपरा

पाणसळचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. त्याला कोणी उठवावं लागत नसे. हातांना तेल चोळून तो भोंग्याआधीच रेल्वेच्या यार्डात जॅकपाशी उभा असायचा. मी रोज त्याच्या मागून पोचायचो आणि रोज ओशाळायचो.

मोठ्या युद्धानंतर जगाचे दोन गट पडले. आमच्या सरकारने एकाशी करार केला, नदीपलीकडच्या सरकारने दुसऱ्याशी. सह्या कुठेतरी लांब झाल्या, पूल मात्र आमचा बंद झाला. पायी जाणंयेणं संपलं, टपालही संपलं. उरली एक गाडी. तिकडचे रूळ पहिल्यापासूनच आमच्यापेक्षा चार बोटं रुंद. म्हणून सरहद्दीवर प्रत्येक डबा माणसांसकट उचलायचा, खालची चाकं ढकलून काढायची, दुसरी घालायची. हे आमचं काम.

डब्याला चार कोपरे, चार जॅक, चार माणसं. हँडल सगळ्यांनी एका लयीत फिरवायचं, नाहीतर डबा तिरपा होतो. शेवटी शेवटी खांदे भरून येतात आणि नेमका तेव्हाच माणूस अंग चोरतो. हा चोरत नसे. त्याच्या कोपऱ्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधून हलत नसे. नाव त्यावरून पडलं.

त्याची ताई पुलापलीकडे दिलेली. आई लवकर गेली, याला वाढवलं ताईनेच. पूल बंद झाला तेव्हा याला मिसरूड फुटत होतं, आता डोकं पांढरं झालं होतं. ती आहे, एवढं गाडीतल्या स्वयंपाक्याकडून कळायचं. दोघांपैकी एक जाण्याआधी तिला एकदा बघायचं, एवढंच त्याला हवं होतं.

मग तिकडच्या सरकारने म्हाताऱ्यांना प्रवासाची मुभा दिली. आमच्याकडे उतरायची नव्हे. आमच्या देशातून पार होऊन, कुठल्याच गटात नसलेल्या देशात जाऊन परत यायची. तिकीट मात्र आमच्या चलनात. ते पाणसळने काढलं आणि स्वयंपाक्याच्या हाती पाठवलं.

ती आली तेव्हा खिडकी अर्धी उघडी होती. प्रवाशांशी बोलायला बंदी, बंदूक घेऊन शिपाई उभा. तिचा चेहरा त्याला दिसला तेवढ्यात शिट्टी झाली. त्याने मान खाली घातली आणि हँडल फिरवायला लागला. जिच्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली, तिला तो आपल्याच हातांनी वर, लांब नेत होता. डबा पुरता चढला तेव्हा खालून फक्त खिडकीची कड दिसत होती.

मुकादम नियमाचा कडक, कोणाला एक मिनिट सूट न देणारा. तो वाकला, पाहिलं आणि शिपायाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पाणसळ, तुझा कोपरा खाली आहे. सगळं उतरवा, परत चढवा."

मी शेजारच्या कोपऱ्यावर होतो. त्याचा कोपरा खाली नव्हता.

पाणसळ लालबुंद झाला. "मुकादम, माझा कोपरा..."

"सांगतो ते कर. आणि सावकाश उतरव."

मग त्याच्या लक्षात आलं. चौघांनी भरल्या खांद्यांनी डबा उतरवला, कोणी कुरकुरलं नाही. मुकादम शिपायाकडे सिगरेट मागायला गेला. त्याला ओढताना मी कधी पाहिलं नव्हतं.

खिडकी पाणसळच्या तोंडासमोर आली.

"दात कुठे गेले रे तुझे?" ताई म्हणाली.

"घरी ठेवलेत."

"अजून खोटंच बोलतोस."

तिने हात बाहेर काढून त्याच्या गालावर ठेवला. त्याचे दोन्ही हात हँडलवरच होते. शिट्टी झाली, तसा तिने हात आत घेतला आणि आम्ही पुन्हा डबा चढवला.

परतीच्या गाडीच्या वेळी खिडक्या बंद ठेवायचा हुकूम आला होता. तोही डबा त्याने समपातळीत उचलला. पाणसळचा कोपरा एकदा चुकला होता, असं यार्डात पुढे सगळे म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा.

दात त्याने बसवले नाहीत, गळकं छप्परही तसंच राहिलं. त्यासाठी पगारातून बाजूला टाकलेलं सगळं ताईच्या तिकिटात गेलं होतं.