गळ्यावरचं बोट

"गाठी आहेत. दोन्ही बाजूंना," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला. नाकातून बारीक कॅमेरा सोडून घसा बघतात, त्याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. ज्या स्वरतंतूंच्या जिवावर तीस वर्षं टाळ्या घेतल्या, ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. शिळ्या शेवयांसारखे दिसत होते.

व्होकल नोड्यूल्स म्हणजे कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे घट्टे, फक्त स्वरतंतूंवर. दिवसभर शाळेत संगीताच्या तासाला ओरडायचं आणि संध्याकाळी ख्याल गायचा, त्याचं हे फळ. आवाज दोन महिने बसलेला होता आणि मी ज्येष्ठमध चघळत होतो. तुम्ही असं करू नका. तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही, तर घसा दाखवा.

"पंधरा दिवस पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, तिचाही ताण पडतो," मॅडम म्हणाल्या. "गाठी उतरल्या नाहीत तर ऑपरेशन. नंतर आवाज अगदी हाच राहील, असं मात्र मी सांगू शकत नाही."

दवाखान्यातून निघताच बायकोने, रेखाने, पाटी विकत घेतली. "आता निवांत लिहा," म्हणाली. मी पाटीवर किस्सा लिहून, पुसून, पुढचा भाग लिहीपर्यंत पाहुणा चहा पिऊन निघून गेलेला असे. सगळे शेवट माझ्याकडेच पडून राहिले.

पण मौन मी मोडलं नाही. सोळाव्या दिवशी कॅमेरा पुन्हा आत गेला. गाठी तशाच, सूजही.

"बोललात?"

मी नकारार्थी मान हलवली. "खरंच नाही बोलले," रेखाने साक्ष दिली. "इतके छान दिवस गेले, मला कळलं नसतं का?"

मॅडम हसल्या नाहीत. आणखी पंधरा दिवस, मग ऑपरेशनचं ठरवू, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बोरगाव मेघेला माझ्या गुरूंकडे, निर्मलाताईंकडे गेलो. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे वडील हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर होते. घरात तंबोरा कुठला? लहानगी निर्मला जिनच्या भिंतीला पाठ लावून मशीनच्या घुमण्यात आपला सा शोधायची. पुढे नागपूरच्या उस्तादांकडे एसटीने जाऊ लागल्या. उस्तादांनी वर्षभर फक्त सा गाऊन घेतला. ताईंनी हूं की चूं केलं नाही. मी तिसऱ्या आठवड्यातच ताईंना "पुढे काय?" विचारलं होतं.

ताईंनी पाटी वाचली, तंबोरा जुळवला आणि भीमपलास सुरू केला. दोन मिनिटांत थांबल्या.

"काऊन रे, तू गाऊन राह्यला?"

मी लिहिलं: गप्प आहे.

त्यांनी हात लांबवून माझ्या कंठमण्यावर बोट टेकवलं. "मंग हे काऊन नाचून राह्यलं?"

तेव्हा पाटीवर कबूल केलं. पंधरा दिवस, रोज चार तास, तंबोऱ्याचं ॲप लावून मनातल्या मनात रियाज केला होता. त्याचा मला अभिमानही होता.

"तीस वर्षं झाले तुले," ताई म्हणाल्या. "माह्यं गाणं तू एकदाई ऐकलं नाई. मी गात होती अन् तू आपली पाळी तयार करत होता. उद्यापासून चार वाजता येजो. बोट आपल्या गळ्यावर ठेवजो."

रेखाने मॅडमना फोन केला. "मनात गातानाही घसा हलू शकतो," त्या म्हणाल्या. "त्यानेच सूज राहिली असं ठामपणे नाही सांगत. पण बंद करा."

रोज चारला जाऊन बसू लागलो. कंठमणी हलला की ताई गाणं थांबवत. पहिल्या दिवशी एक आलापही पुरा झाला नाही. आठव्या दिवशी बोटाखाली काही हललं नाही, आणि भीमपलास ऐकू आला. कोमल गंधाराआधी ताई मध्यमावर इतक्या रेंगाळतात की तो गंधार आपणच मनोमन मागू लागतो. मी तिथून तीस वर्षं धावत सुटत होतो, आणि लोक वाहवा करत होते.

पंधरा दिवसांनी गाठी निम्म्या उतरल्या. ऑपरेशन टळलं. मॅडमनी आवाजाचे व्यायाम दिले आणि थोडं थोडं बोलायची परवानगी. मी बोललो नाही. सरळ ताईंकडे गेलो.

त्यांनी तंबोरा माझ्या पट्टीत, काळी दोनला लावला. "गा."

महिन्याभरातला माझा पहिला शब्द घोगराच निघाला. "ताई, आधी तुम्ही गा."

त्यांनी तंबोरा पुन्हा आपल्या पट्टीत लावला. वर न बघता विचारलं, "बोट कुठी हाय?"

मी बोट गळ्यावर ठेवलं.