लक्षवेधी पुकारली तेव्हा

विधानसभेत माझं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि मी सभागृहात नव्हतो. बाहेर पायऱ्यांवर केळीचा घड खांद्यावर घेऊन घोषणा देत होतो. त्या सकाळी माझी लक्षवेधी लागली होती. लक्षवेधी म्हणजे आमदाराने एखादा तातडीचा प्रश्न मांडायचा आणि मंत्र्याने उभं राहून त्याला उत्तर द्यायचं. विरोधी बाकांवरच्या माणसाच्या वाट्याला अशी संधी क्वचित येते. ती मी घालवली, आणि नंतर त्याबद्दल खोटंही बोललो. हे खोटं मी बरीच वर्षं सांभाळलं.

प्रश्न एका पुलाचा होता. माझा मतदारसंघ खानदेशात, तापीच्या काठाने, कापसाचा आणि केळीचा. नदीला मिळणाऱ्या एका मोठ्या नाल्यापलीकडे एक गाव आहे. नाल्यावर जुनी फरशी आहे, पाणी चढलं की बुडणारी. तिच्यावरून ट्रक जात नाही. केळी कापली की ट्रॅक्टरने अलीकडे आणायची, उतरवायची आणि पुन्हा ट्रकमध्ये भरायची. दोनदा हाताळलेल्या मालावर डाग पडतात, आणि डाग दाखवून व्यापारी भाव पाडतो. आमचं सरकार असताना इथला पूल मंजूर झाला होता. सत्ता गेली आणि नव्या सरकारने आमच्या भागातल्या इतर कामांबरोबर त्यालाही स्थगिती दिली.

गावच्या सरपंच अक्का माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. स्वतःची केळी स्वतः उभं राहून कापून घेणाऱ्या. त्यांनीच खटपट करून एका निर्यातदाराला गावात आणलं होतं. केळी धुऊन, खोक्यांत भरून परदेशी पाठवायचं पॅक हाऊस त्याला काढायचं होतं. त्याला माल आवडला, जागाही आवडली. फरशीपाशी मात्र तो गाडीतून उतरला आणि म्हणाला, "इथून माझा कंटेनर जाणार नाही. पुलाचं काम सुरू झालं की मला बोलवा. पुढच्या हंगामापर्यंत मी थांबतो."

पॅक हाऊस आलं असतं तर गावातल्या बायकांना आणि पोरांना काम मिळणार होतं. अक्कांचा एकुलता एक मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. आमच्या भागातली निम्मी तरुण मंडळी तिकडेच असतात. पॅक हाऊस झालं की परत येतो, असं त्याने आईला सांगितलं होतं. पोरगा साऱ्या जगाच्या साड्या विणतो, याचा सल अक्का आमच्या अहिराणीत बोलून दाखवायच्या, "भाऊ, मन्हा पोऱ्या बठ्ठा जगनी साडी इनस, अन् आठे आमनी केळीले हात लावाले मानूस नही."

लक्षवेधी लागणार हे कळलं तेव्हा मीच त्यांना मुंबईला बोलावलं. प्रेक्षक गॅलरीत बसा, मंत्री काय उत्तर देतात ते स्वतः ऐका, असं म्हणालो. आणि येताना एक चांगला घड घेऊन या, असंही सांगितलं. त्या दिवशी केळी आणि कापसाच्या भावासाठी विरोधकांचं पायऱ्यांवर आंदोलन होतं. तिथे रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या आमदाराकडे कोणी बघत नाही.

"घड लई येसू," अक्का फोनवर म्हणाल्या. "पन पूल लीसनच परत येसू."

पूल घेऊनच परत येते, असं त्या गावातही सांगून निघाल्या. घड जुन्या गोधडीत गुंडाळून त्या जळगावहून रात्रीच्या गाडीने आल्या. गाडीत लोकांनी विचारलं, लेकरू आजारी आहे का? हे सांगताना त्या स्वतःच हसत होत्या. मी त्यांना प्रवेशिका दिली, त्या गॅलरीत गेल्या आणि मी घड घेऊन पायऱ्यांवर गेलो.

माझ्या स्वीय सहायकाने मला बजावलं होतं, "साहेब, आपली तिसरी आहे. आत बसून राहा." मी म्हटलं, पहिल्या दोनच बराच वेळ खातील. झालं उलटंच. मंत्री नसल्यामुळे पहिली पुढे ढकलली गेली आणि दुसरी लवकर आटोपली. सहायक धावत बाहेर आला. त्याने माझी बाही ओढली आणि म्हणाला, "साहेब, चला. आता आपलंच."

आजवर जे कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहितो. मला ते ऐकू आलं होतं. त्याच क्षणी एका वाहिनीचा कॅमेरा माझ्याकडे वळला होता. मी सहायकाला हाताने थांब म्हणून खूण केली, घड दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि बोलत राहिलो. शेतकऱ्याबद्दलच बोलत होतो.

धापा टाकत आत शिरलो तेव्हा पुढच्या सदस्याचा प्रश्न सुरू झाला होता. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग पडले होते. मी उभा राहून विनंती केली. अध्यक्षस्थानावरून शांतपणे उत्तर आलं, "सन्माननीय सदस्य, आपलं नाव दोन वेळा घेतलं. आपण नव्हता." समोरच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, "विकली का सगळी? आमच्यासाठी एक डझन ठेवायची होती." सगळे हसले. मी वर गॅलरीकडे पाहिलं नाही.

फाटकाबाहेर अक्का उभ्या होत्या. "तुमनं नाव दोन डाव लिधं," त्या म्हणाल्या. "मी उभी ऱ्हायनी, ते त्या पोलीसनी माले बसाडी दिधं. तुम्ही बाहेर शेतस हाई सांगाले बी तठे तोंड उघाडता येत नही."

मी म्हणालो, "अक्का, त्यांनी मुद्दाम क्रम बदलला. आपला विषय त्यांना टाळायचाच होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "व्हई." त्यानंतर पुलाचा विषय त्यांनी काढला नाही. गाडी किती वाजता आहे एवढंच विचारलं.

त्या रात्री घडासह माझं छायाचित्र सगळीकडे होतं. पुढच्या आठवड्यात गावात सभा झाली. सरकारने माझा आवाज दाबला, असं मी माईकवरून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीत अक्का बसल्या होत्या. एका वाक्यात त्या मला खोटं पाडू शकत होत्या. त्या समोर बघत बसून राहिल्या. गावाला आपला आमदार हवा होता आणि तो मोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं असावं. असं आता वाटतं. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

लक्षवेधी झाली असती तरी मंत्री "तपासून पाहू" म्हणून खाली बसले असते, हेही शक्य आहे. या विचाराचा आधार मी पुष्कळ दिवस घेतला. पण तपासून पाहू असं सभागृहात म्हटलेलं वाक्य घेऊन मी पुढे भांडू शकलो असतो. माझ्या हातात काहीच नव्हतं. पुढचा हंगाम आला. निर्यातदार थांबला तेवढा थांबला आणि त्याने पॅक हाऊस बऱ्हाणपूरकडे नेलं. अक्कांच्या मुलाने सुरतेतच घर केलं. सून तिकडची आहे, नातू गुजराती शाळेत जातो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अक्कांचं पॅनल पडलं.

ते का पडलं, हे मला यंदा कळलं. त्या गावात एका घरी गंधमुक्तीला गेलो होतो. तेराव्याच्या अशा कार्याला आमच्याकडे आमदाराला जावंच लागतं. मांडवात जेवणाआधी गप्पा चालल्या होत्या. पुलाचा विषय निघाला, तेव्हा एक नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "अक्का मुंबईले गयी, घड दी उनी अन् पूल तठेच ईसरी उनी."

घड देऊन आली आणि पूल तिथेच विसरून आली! मांडवभर हसू पसरलं. हे वाक्य गावात जुनं होतं, निवडणुकीत भिंतीवरसुद्धा लिहिलेलं होतं, असं शेजारच्या माणसाने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. अक्का बायकांच्या बाजूला पत्रावळी मांडत होत्या. त्यांच्या कानावर ते पडलं असावं, कारण त्यांचा हात एकदा थांबला. आणि मी, सवयीने, सगळ्यांबरोबर हसलो.

त्या हसण्याने मला पुढे नीट झोपू दिलं नाही. पंधरवड्यात गावची ग्रामसभा होती. मी न बोलावता गेलो. शाळेच्या पटांगणात लोक सतरंजीवर बसले होते, अक्का मागे बाकावर. पुलाबद्दल बोलायचं आहे, असं म्हणत मी उठलो तसा एक तरुण म्हणाला, "भाऊ, कोनता पूल, अक्का मुंबईले ईसरी उनी तो का?" लोक हसले. मी हसू ओसरेपर्यंत थांबलो.

मग म्हणालो, "तोच. तुम्हाला मी सांगितलं होतं की सरकारने माझा आवाज दाबला. ते खोटं होतं. माझं नाव दोनदा पुकारलं आणि मी कॅमेऱ्यासमोर होतो. बोलावणं आलेलं मला कळलं होतं, तरी मी गेलो नाही. नाव पुकारलं तेव्हा माझी जागा रिकामी होती, हे अक्कांनी वरून स्वतः पाहिलं. त्यांनी माझी लाज राखली आणि माझ्या चुकीचा दोष तुम्ही त्यांना दिला. मी तो देऊ दिला. परवा मांडवात मीही हसलो. अक्का, तुमचा मुलगा परत यायचा होता, तो माझ्यामुळे तिकडे राहिला असेल तर ते आता मला भरून देता येणार नाही. सगळ्या गावासमोर मी तुमची माफी मागतो."