थांबाबाईंची डुलकी

धुकं इतकं दाट होतं की दवाखान्याच्या पायरीवरून फाटक दिसत नव्हतं. आत थांबाबाईंनी स्टोव्हवर कात्र्या उकळत ठेवल्या होत्या आणि त्या खाटेवरचं रबरी कापड पुसत होत्या. खाटा तीन, नर्स एक. बाळंतपणं करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. येईल तिला "थांब गं" म्हणतात, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलंय.

दुसरी नर्स मिळावी म्हणून पूर्वी त्या दर महिन्याला कचेरीत जाऊन भांडायच्या. घसा बसायचा, हाती काही लागायचं नाही. एके वर्षी त्यांनी ठरवून टाकलं, आता वर्षाला एकच अर्ज, तोही टपालाने. उरलेला जीव खाटांवरच्या बायकांसाठी. तेव्हापासून वेळ मिळेल तशी त्या बसल्या जागी डुलकी काढतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते बघून भुवया चढवल्या, तर म्हणाल्या म्हणे, पहाटे दोन बाळं आली, तिसरं वाटेत आहे, तुम्ही हातमोजे घालणार असाल तर मला खुशाल उठवा. साहेब चहासुद्धा न घेता गेले.

त्या सकाळी विटा वाहणारी एक पोर आली. पहिलटकरीण, सोबत आई. पहाटेपासून कळा सुरू होत्या आणि पहिल्या कळेपासून पोर जोर लावत होती. आईचा तगादाच तसा होता, लाव जोर, आपल्या घरात कुणी कच खाल्ली नाही. बाईंनी तपासलं. वाट निम्मीच मोकळी झाली होती, अजून तीन-चार तास तरी लागणार, आणि पोरीचे ओठ आत्ताच पांढरे पडलेले. असंच चाललं तर ऐन वेळी अंगात त्राण उरणार नव्हतं. मोठं इस्पितळ दोन तासांवर, आणि या धुक्यात गाडी काढायला कुणी धजलं नसतं.

"थांब गं," बाई म्हणाल्या. "आत्ता जोर नको. कळ आली की मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकर मार. कळ गेली की झोप."

"मला थांबता येत नाही, बाई."

"विटांची पाटी वाटेत खाली ठेवत नाहीस कधी?"

"नाही. ठेवली की परत डोक्यावर चढवायला माणूस लागतं."

"मग मी कोण आहे?"

पोर कुशीवर वळली.

आईला काही ते पटेना. बाईंनी तिला बाकावर बसवून सांगितलं, नर्स असूनही स्वतःच्या पहिल्या वेळी त्यांनी सासू-नणंदांचं ऐकलं, आधीच सगळा जोर संपवला, आणि शेवटी चिमटा लावून बाळ काढावं लागलं. थोरल्याच्या कानशिलावर अजून वण आहे. आई उठून दारात जाऊन उभी राहिली, ती तिथून हलली नाही.

फुंकर, झोप, पुन्हा फुंकर. तासाभरात पोर चक्क घोरायला लागली. शेजारी खुर्चीत बाईही डोळे मिटून, हात मात्र तिच्या पोटावर. पोट कडक व्हायला लागलं की पोरीच्या आधी बाई जाग्या व्हायच्या, कळ ओसरली की बाळाचे ठोके ऐकायच्या आणि परत मान टाकायच्या.

आई म्हणाली, "बाळंतपण चाललंय की धर्मशाळा आहे ही?"

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "तुम्हीही टेका जरा. पुढचे दोन महिने जागायचंय तुम्हाला."

दुपारी बाईंनी पुन्हा तपासलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "आता. आता चढव पाटी."

पोरीने असा जोर लावला की खाट भिंतीवर आपटली. चौथ्या कळेला मुलगी झाली आणि लगेच रडली. आईही रडली, मग पदराने नाक पुसत म्हणाली, नात माझ्यावर गेलीय. पोरीने भूक लागल्याचं सांगितलं.

बाईंनी नाळेची गाठ पुन्हा एकदा बघितली, बाळ पोरीच्या छातीशी दिलं, हात धुतले. मग मोरीपाशी जाऊन धुतलेल्या हातमोज्यांत एकेक करून पाणी भरलं आणि कुठलं बोट गळतंय ते बघायला लागल्या.